बडदास्त आणि बर्दाश्त

काही वर्षांपूर्वी जालना जिल्ह्यातील केदारखेडा येथे इंग्रजीच्या एका वर्गावर ‘पुट अप विथ’ या क्रियापदाचा अर्थ सांगण्याचा प्रसंग आमच्यावर आला. प्रसंग साधाच होता. आम्ही फळ्यावर ‘सहन करणे’ असा अर्थ लिहिला आणि त्याखाली ‘टॉलरेट’, ‘बेअर’, ‘एन्ड्युअर’, ‘स्टँड’ असे चार समानार्थी शब्द मांडून मोकळे झालो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, मागच्या धड्यात ‘पुट अप’ म्हणजे पाहुण्याला घरी उतरवून घेणं असं होतं. मग पाहुणा आला की ‘पुट अप’ आणि तोच नकोसा झाला की ‘पुट अप विथ’, असं कसं?” वर्ग हसला. आम्हीही हसलो. उत्तर मात्र आमच्याजवळ नव्हते. ‘इंग्रजी भाषेची ती लकब आहे’ असे काहीतरी पुटपुटून आम्ही वेळ मारून नेली. शिक्षक उत्तर येत नसले की ‘लकब’ या शब्दाच्या आडोशाला जातात, हे आमच्या व्यवसायातील उघड गुपित आहे.

त्या प्रश्नाचा नंतर आम्ही जो पाठपुरावा केला, त्यातून जे हाती आले ते येथे मांडीत आहोत. एका अनौपचारिक इंग्रजी क्रियापदाचे अर्थ पाहायला निघालेला माणूस फारसी, उर्दू, संस्कृत आणि मराठी अशा चार घरांचे उंबरे ओलांडतो, आणि शेवटी कोणी काय सोसायचे आणि ते कोणी ठरवायचे या जुन्याच प्रश्नापाशी येऊन थांबतो, हे आम्हांलाही आरंभी ठाऊक नव्हते.

प्रथम इंग्रजीकडचा भाग. क्रियापदामागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘विथ’ यांसारखा एखादा चिमुकला शब्द जोडून मूळ अर्थाला भलतीकडेच वळवायचे, ही इंग्रजीची खोड जुनी आहे. डॉ. जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल करून टाकले होते की, परकीयांना इंग्रजीत सर्वाधिक छळणारी गोष्ट कोणती असेल तर ती हीच. या जोडक्रियापदांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बऱ्याच उशिरा, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकातून रूढ झाले. नावाचे श्रेय ते कोशकार हेन्री ब्रॅडली यांना देतात. म्हणजे खोड शतकानुशतकांची आणि तिचे नाव जेमतेम शंभर वर्षांचे.

संस्कृत शिकलेल्याला या प्रकारात नवल वाटण्याचे वास्तविक कारण नाही. ‘हृ’ या एका धातूला उपसर्ग लावून आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार असा अर्थांचा संसार थाटता येतो, हे आपण शाळेतच शिकतो. जुन्या इंग्रजीतही असे उपसर्ग क्रियापदाच्या पुढे बसत. ‘अंडरस्टँड’, ‘ओव्हरकम’ ही त्या काळची उरलेली साक्ष आहे. पुढे उपसर्गाची जागा सरकली आणि तो क्रियापदाच्या मागे जाऊन बसला. त्याच सुमारास नॉर्मन-फ्रेंच आणि लॅटिन यांच्याकडून आलेल्या भारदस्त क्रियापदांनी दरबार, न्यायालय आणि चर्च यांतील जागा पटकावल्या. घरच्या जोडशब्दांना स्वयंपाकघर, बाजार आणि गुत्ता एवढेच अंगण उरले. ‘टॉलरेट’ आणि ‘पुट अप विथ’ यांच्या अर्थांत फारसा फरक नसूनही एक निबंधात शोभतो आणि दुसरा गप्पांत, याचे कारण हे आहे. शब्दांनाही जात असते म्हणतात, ते इंग्रजीत तरी बऱ्याच अंशी खरे आहे.

‘पुट अप’चा स्वतःचा इतिहास याहून रंजक आहे. सोळाव्या शतकात हे क्रियापद उपसलेली तलवार परत म्यानात घालण्यासाठी, तसेच एखादी वस्तू खिशात किंवा पिशवीत ठेवून देण्यासाठी वापरीत. अपमान झाला, तलवार उपसायला हवी होती. पण माणसाने ती म्यानातच ठेवली, किंवा अपमान मुकाट्याने खिशात घातला. तेथून ‘पुट अप’ला निमूटपणे सोसण्याचा अर्थ आला. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’च्या चौथ्या अंकात इयागोकडून पुरता नागवला गेलेला रोडेरिगो याच अर्थाने ते वापरतो. गंमत अशी की त्याच्या एकाच वाक्यात ‘एन्ड्युअर’, ‘पुट अप’ आणि ‘सफर’ अशी सोसण्याची तीन क्रियापदे लागोपाठ येतात. पहिले फ्रेंचमार्गे आलेले, दुसरे घरचे, तिसरे पुन्हा बाहेरचे. आणि तिन्हींचा वास निराळा. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये हे नाटक मराठीत आणले, देवलांनी १८९० मध्ये त्याचा ‘झुंजारराव’ केला. मराठी गद्य घडत असताना आपल्या भाषांतरकारांची खरी कसोटी मोठमोठ्या स्वगतांपेक्षा अशा साध्या वाक्यांनीच पाहिली असणार, असे आम्हांला वाटते. मागचा ‘विथ’ जोडला गेला तो अठराव्या शतकात. या ‘विथ’वरून चर्चिल यांनी व्याकरणाच्या हट्टी पंडितांची टर उडविल्याचा एक किस्सा सांगितला जातो. तो त्यांचा असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. तो त्यांच्या नावावर खपविला गेला आहे. या ‘खपविणे’कडे आपल्याला पुढे वळायचेच आहे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. इंग्रज अपमान खिशात घालतो, मराठी माणूस अपराध पोटात घालतो. वरवर दोन्ही लपविण्याच्या जागा. पण खिशात घातलेली वस्तू जशीच्या तशी राहते आणि पुढे कधीतरी बाहेर काढता येते. पोटात घातलेले पचून जाते. म्हणून ‘पोटात घालणे’ यात क्षमा आहे, आणि ती क्षमा करणारा बहुधा वडीलधारा असतो: आई, गुरू, धनी, देव. धाकट्याने थोरल्याचा अपराध पोटात घातला असे आपण सहसा म्हणत नाही. त्याच्या वाट्याला तेच पोट वेगळ्या रीतीने येते. तो अपमान ‘गिळतो’.

आता पाहुण्याकडे वळू. पाहुण्याला मुक्कामाला ठेवणे या अर्थीचा ‘पुट अप’ सरायांच्या आणि तबेल्यांच्या जगातून आला. प्रवासी आला की आधी त्याचा घोडा ‘पुट अप’ करायचा, म्हणजे ठाणावर बांधून दाणावैरण करायची. मग स्वाराची सोय. ही वाट कळली तेव्हा आमच्या मनात मराठीतला एक शब्द चमकून गेला: बडदास्त. ‘पाहुण्यांची बडदास्त ठेवणे’ हा प्रयोग आजही चालतो. त्याचे जुने रूप ‘बरदास्त’. जुन्या दफ्तरी मराठीत माणसांची बरदास्त असे, तशीच जनावरांचीही असे. पुढे ‘र’चा ‘ड’ झाला. कदाचित ‘बडा’ या शब्दाच्या सावलीने हे घडले असेल, कारण बडदास्त मोठ्या माणसांचीच ठेवली जाते असा आपला समज आहे. पण हा आमचा तर्क, आग्रह नव्हे.

हा शब्द फारसी. ‘बर’ म्हणजे वर आणि ‘दाश्तन’ म्हणजे धरणे, ठेवणे. ‘बर्दाश्तन’ म्हणजे वर उचलणे. नात्यागोत्यांची हौस असणाऱ्यांसाठी सांगायचे तर फारसी ‘बर’ आणि मराठी ‘वर’ हे दोघेही ‘उपरि’च्या कुळातले, आणि ‘दाश्तन’ हा आपल्या ‘धृ’ धातूचा चुलत भाऊ. म्हणजे ‘बर्दाश्त’चे अक्षरशः मराठी करायचे तर ‘वर धरणे’ असे होईल, आणि इंग्रजीत करायचे तर जवळजवळ ‘पुट अप’. आता पाहा: हाच शब्द उर्दूत गेला तेव्हा त्याचा अर्थ झाला सोसणे. ‘बर्दाश्त करना’ म्हणजे ‘पुट अप विथ’. मराठीत आला तेव्हा झाला सरबराई. ‘बडदास्त ठेवणे’ म्हणजे ‘पुट अप’. केदारखेड्याच्या त्या मुलीला जो अचंबा इंग्रजीबद्दल वाटला, तोच अचंबा तिच्या स्वतःच्या गावच्या बोलीत निजून होता. मराठवाड्यात ‘आता बर्दाश्त होत नाही’ हे वाक्य मराठी बोलणारा माणूसही सहज बोलून जातो, आणि त्याच तोंडाने सोयऱ्यांची बडदास्त नीट झाली की नाही याची चौकशी करतो. एकाच शब्दाची दोन मुले एकाच आळीत राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

हे मराठवाड्यातच घडावे याला इतिहास आहे. केदारखेडा ज्या टापूत आहे तेथून असई फार दूर नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला तो त्या असईला. पण लढाई इंग्रजांनी जिंकली तरी मुलूख निजामाचाच राहिला, कारण निजाम इंग्रजांचा दोस्त होता. पुढे १८५३ मध्ये शेजारचे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि एक मोठी मजेदार सीमा तयार झाली. पलीकडे बुलढाण्याच्या कचेरीत मराठी आणि इंग्रजी, अलीकडे भोकरदनच्या कचेरीत आधी फारसी, नंतर उर्दू. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघाले तेही उर्दू माध्यमाचे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपेपर्यंत या भागातील शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी शब्दाचा अर्थ पुष्कळदा उर्दूतून कळे आणि मग तो मनातल्या मनात मराठी करी. पुण्या-मुंबईची मुले तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर वाढत होती, तेव्हा इकडची मुले दोन पायऱ्या चढून इंग्रजीच्या ओट्यावर पोहोचत होती. या दुहेरी चढणीचे तोटे अनेकांनी सांगितले आहेत, आणि ते खोटे नाहीत. मात्र ‘बर्दाश्त’ आणि ‘बडदास्त’ शेजारी ठेवून पाहण्याची सोय याच चढणीने करून दिली.

उचलणे आणि सोसणे यांचे हे साहचर्य फारसीपुरते नाही. लॅटिनमधील ‘टॉलरेअर’, ज्यावरून ‘टॉलरेट’ आले, त्याचे मूळ उचलण्याशीच जाऊन भिडते, आणि संस्कृतातील ‘तुल्’ धातू त्याचा सख्खा नातलग आहे. तोलून धरायचे म्हणजे उचलायचे. तेथून तुला, तोल, तोलणे, तुलना. म्हणजे ‘टॉलरन्स’ आणि ‘तराजू’ यांच्यामागे एकच हालचाल आहे: ओझे उचलून धरलेला हात. मराठीत ‘उचलून धरणे’ म्हणजे पाठिंबा देणे. त्याच हालचालीचा हा आणखी एक फाटा.

‘सहन’चा मामला मात्र उलटा आहे. आम्ही फळ्यावर किती सहजपणे ‘सहन करणे’ लिहिले होते! वेदांत ‘सह्’ म्हणजे मात करणे, जिंकणे, पुरून उरणे. ‘सहस्’ म्हणजे बळ; ‘साहस’ त्याच कुळातले. बळवंताचा तो धातू हळूहळू दुर्बळांच्या वस्तीला कसा आला, हा एका स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. पुरून उरणारा आधी टिकून राहतो, मग टिकून राहणे हेच त्याचे कर्तृत्व ठरते, आणि अखेरीस टिकण्याखेरीज काहीच न करणाऱ्यालाही तोच शब्द लागू होतो, असा काहीसा तो प्रवास असावा. ‘भोगणे’चीही तीच गत. तालुक्याच्या गावाचे, भोकरदनचे, प्राचीन नाव भोगवर्धन. भरहुत आणि सांची येथील दानलेखांत या नगराचा उल्लेख येतो. त्या नावातला भोग समृद्धीचा आहे. आज कोणी ‘भोग आहेत, दुसरं काय’ म्हणून सुस्कारा सोडतो तेव्हा त्या शब्दात समृद्धीचा लवलेशही उरलेला नसतो. गावाचे नाव झिजले, शब्दाचा अर्थ झिजला; दोन्ही एकाच वाटेने झिजले असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

कोशांकडे वळू. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ ची. इंग्रजी-मराठी कोशाचे कामही त्यांनीच आरंभले होते, परंतु आजारपणामुळे ते मायदेशी परतले आणि तो कोश थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पुरा केला. या दोन साहेबांनी आणि त्यांच्याबरोबर बसलेल्या, कोशाच्या मुखपृष्ठावर ज्यांची नावे नाहीत अशा शास्त्रीमंडळींनी जे काम केले, त्याला तोड नाही. पण इंग्रजीकडून मराठीकडे येणाऱ्या कोशाची एक अंगभूत अडचण असते. तो इंग्रजी शब्दाला मराठी शब्दांची रांग देतो, आणि रांगेत उभी असलेली माणसे पाठमोरी सारखीच दिसतात. सोसणे, साहणे, सहन करणे, चालवून घेणे, खपवून घेणे, निभावणे: एका ‘पुट अप विथ’पुढे हे सगळे हारीने उभे राहतात. विद्यार्थी त्यांतला पहिला उचलतो. आम्हीही तेच केले होते.

ही रांग थोडी मोडून पाहू. इंग्रजी जे काम क्रियापदामागच्या चिमुकल्या अव्ययाकडून करून घेते, ते मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. ‘बोलणे’ हे एकच घ्या. बोलून टाकले, बोलून बसलो, बोलून घेतले, बोलून दाखवले, बोलून ठेवले. मन मोकळे झाले, चूक झाली, संधी साधली, उघड केले, आधीच तजवीज केली. ‘टाकणे’त येथे काही फेकलेले नाही आणि ‘बसणे’त कोणी बसलेले नाही. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ग्रंथापर्यंत आणि त्यानंतरही आपल्या व्याकरणकारांनी संयुक्त क्रियापदांचा बराच खल केला. कोणते जोडपे खरे संयुक्त आणि कोणते नुसते शेजारी, यावर वाद झाले. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आम्हांला हवे आहे ते फक्त ‘घेणे’.

‘घेणे’ हे सहाय्यक क्रियापद कृतीचा रोख कर्त्याकडे वळवते. करून देणे दुसऱ्यासाठी, करून घेणे स्वतःसाठी. आता ‘खपवून घेणे’ पाहा. ‘खपणे’ म्हणजे विकले जाणे, संपून जाणे, कष्टणे आणि मरणेसुद्धा. ‘खपविणे’ म्हणजे माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालणे. तेव्हा ‘खपवून घेणे’ म्हणजे आपल्या दुकानात दुसऱ्याचा खोटा माल चालू देणे. ‘चालवून घेणे’तही तसेच; खोटे नाणे चालते तसे. हा सगळा व्यवहार बाजाराचा आहे, आणि बाजारात खपवून घ्यायचे की नाही हे ठरविणारा दुकानाचा मालक असतो. ‘येथे बेशिस्त खपवून घेतली जाणार नाही’ ही पाटी कचेरीत लागते, कारखान्यात लागते, वसतिगृहात लागते. ती लावणारा नेहमी अधिकारी असतो. गिरणीतल्या कामगाराने किंवा वसतिगृहातल्या मुलाने तीच पाटी अधिकाऱ्याच्या खोलीबाहेर लावली तर तिचे व्याकरण बिघडणार नाही, पण ती बंडाची पाटी होईल.

‘सोसणे’ला हा पर्याय नाही. सोसणाऱ्याला कोणी विचारलेले नसते. ‘खपवून घेणार नाही’ हा इशारा होतो. ‘सोसणार नाही’ ही प्रतिज्ञा होते, आणि पुष्कळदा नुसता हुंदका. मराठीने एकाच इंग्रजी क्रियापदाचे असे दोन तुकडे केले आहेत: ज्याच्या हाती थांबविण्याचे बळ आहे त्याचे ‘पुट अप विथ’ वेगळे आणि ज्याच्या हाती नाही त्याचे वेगळे. इंग्रजीत राजाही ‘पुट अप विथ’ करतो आणि त्याची मोलकरीणही. मराठीत राजा खपवून घेतो, मोलकरीण सोसते. इंग्रजीतील समता ही येथे खरी समता आहे की झाकण, यावर वर्गात चर्चा घडवून आणण्यासारखी आहे.

आणखी एक ‘घेणे’ उरले. लग्नात पाठवणीच्या वेळी मुलीची आई विहिणीला म्हणते, “सांभाळून घ्या.” आणि मुलीच्या कानात सांगते, “समजून घे.” दोन्ही वाक्यांत ‘घेणे’ आहे. पण एका ‘घ्या’त विनंती आहे की मुलीच्या चुका तुम्ही चालवून घ्या, आणि दुसऱ्या ‘घे’त आज्ञा आहे की जे वाट्याला येईल ते तू सोस. एका मिनिटात, एका मांडवात, एकाच बाईच्या तोंडून ‘पुट अप विथ’चे दोन्ही तुकडे बाहेर पडतात. आपल्या कोशांनी या मांडवापर्यंत जावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. शिक्षकांनी मात्र जायला हरकत नाही.

असे कानात सांगितले गेलेले सगळे उलटून मोठ्याने बोलणारे एक पुस्तक वर सांगितलेल्या सीमेच्या पलीकडे, बुलढाण्यात लिहिले गेले. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येच्या आरोपाखाली १८८१ मध्ये शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले गेले, त्याला हे उत्तर होते. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक विचारांचे. ताराबाईंनी दोष नाकारले नाहीत. दोष तोलून पाहा, एवढेच त्या म्हणाल्या. जे तुम्ही पुरुषांचे चालवून घेता ते आम्हा बायकांचे का चालवून घेत नाही, आणि आम्ही जे सोसतो ते तुम्ही अर्धा दिवस तरी सोसाल काय, असा त्या ग्रंथाचा एकूण सूर आहे. त्यांनी आपल्या पुस्तकाला ‘तुलना’ म्हटले. ‘तुल्’ धातूच्या ज्या तराजूतून युरोपात ‘टॉलरन्स’ निघाले, त्याच तराजूतून बुलढाण्यात सोसण्याचा हिशेब निघाला. ताराबाईंना या नात्याशी काही देणेघेणे नव्हते, आणि असण्याची गरजही नव्हती. हा योगायोग आहे. परंतु काही योगायोग नोंदवून ठेवण्याच्या योग्यतेचे असतात.

त्या पुस्तकाचे पुढे काय झाले तेही येथे सांगितले पाहिजे. टीका झाली. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. मग पुस्तक विस्मृतीत गेले ते जवळजवळ शतकभर. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा उजेडात आणले. त्याच वर्षी पुण्यातून मोल्सवर्थच्या कोशाचेही पुनर्मुद्रण झाले. एका वर्षात शब्दांचा कोशही हाती आला आणि त्या शब्दांखाली दबलेली बाईही बोलू लागली. अभ्यासक्रमात हे दोन्ही ग्रंथ वेगवेगळ्या कपाटांत ठेवले जातात. आमच्या मते ते शेजारी ठेवून वाचावेत.

सोसण्याच्या क्रियापदातून नाम तयार झाले की प्रश्न अधिक अवघड होतो. ‘टॉलरन्स’ला आपण ‘सहिष्णुता’ म्हणतो. हा शब्द आज इतका मुरला आहे की तो भाषांतरातून आला हे ध्यानातच येत नाही. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली, तेव्हा या शब्दापाशी ते अडखळले. सहिष्णुता हा इंग्रजी शब्दाचा अनुवाद आहे आणि तो आपल्याला आवडलेला नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. कारण त्यात दुसऱ्याचा धर्म आपल्याहून उणा आहे असे गृहीत धरून तो चालवून घेण्याचा भाव येतो. तुरुंगात त्यांच्याबरोबर काकासाहेब कालेलकर होते. साताऱ्यात जन्मलेले, मराठी मातृभाषेचे आणि गुजरातीचे थोर लेखक. त्यांनाही तो शब्द पटला नव्हता. सर्व धर्मांविषयी आदर, अशा आशयाचा पर्याय त्यांनी सुचविला; गांधीजींना तोही पसंत पडला नाही, कारण आदरातही एक प्रकारची मेहरबानी असू शकते. अखेर ‘समभाव’ या शब्दावर ते आले. तुरुंगात बसलेली दोन माणसे, ज्यांना सरकार ‘टॉलरेट’ करायला तयार नव्हते, ती ‘टॉलरन्स’ला पर्यायी शब्द शोधत बसली होती. आमच्या माहितीत मराठी माणसाचा सहभाग असलेल्या समानार्थी शब्दांच्या शोधांत याहून गंभीर शोध दुसरा नाही.

गांधीजींचा आक्षेप आपल्या क्रियापदांच्या भाषेत असा मांडता येईल: सहिष्णुता ही ‘खपवून घेण्या’च्या बाजूची आहे, ‘सोसण्या’च्या नव्हे. ती दुकानाच्या मालकाजवळ असते. अल्पसंख्याने बहुसंख्याविषयी सहिष्णुता दाखविली असे वाक्य कानाला खटकते, ते याचमुळे. आणि हे खटकणे व्याकरणाने समजावून देता येत नाही.

मग त्या मुलीला उत्तर काय द्यायचे? पुढे केदारखेड्याला पुन्हा जाण्याचा योग आला तेव्हा आम्ही हा सगळा पसारा शक्य तितका आटोपशीर करून वर्गापुढे मांडला. ती मुलगी त्या दिवशी वर्गात नव्हती; तिची वरची इयत्ता सुरू झाली होती. ‘उचलून धरणे’ ही मूळ कल्पना मुलांना चटकन समजली. पाहुण्याला आपण हौसेने उचलतो, त्याचा भार वाटत नाही. तोच भार नकोसा झाला की ‘विथ’ लागतो. मग आम्ही फळ्यावर ‘सहन करणे’ न लिहिता मुलांनाच शब्द विचारले. सोसणे, खपवून घेणे, चालवून घेणे, बर्दाश्त करणे, गिळणे, कानाडोळा करणे, दमानं घेणे असे एकामागून एक आले. एका मुलाने ‘निभवणं’ सांगितले आणि वर्गात मतभेद झाला. दुसरा म्हणाला, निभवणं म्हणजे सोसणं नाही, ते तर पार नेणं. पहिला म्हणाला, “आमची आजी राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्या बायकांची घरी सोय करती. घर लहान, बाया ढीगभर. ‘कसं करती?’ म्हणलं तर म्हणती, ‘निभतं.’”

‘निभणे’ निर्वाहाच्या कुळातले. वाहून नेणे हा त्याचा मूळ अर्थ. पाहुण्यांची बडदास्तही त्यात आली, अडचणीची बर्दाश्तही आली, आणि कर्त्याचे नाव न घेता सारे आपोआप होते असेही त्या एका शब्दाने सांगितले. ‘पुट अप’ला आणि ‘पुट अप विथ’ला मिळून एकच मराठी शब्द हवा असेल तर तो त्या आजीजवळ होता. आम्ही तो फळ्यावर सर्वांत शेवटी लिहिला. खाली जागा उरली नव्हती, म्हणून समासात.